तिसऱ्या प्रश्नाचे तीन गुण : निद्रानाश आणि नैराश्य, एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण संबंधित व्यक्तीच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांसोबत काम करणारी मानसशास्त्रज्ञ आहे. यात जे चुकलं त्यातला काही वाटा माझा आहे, आणि तो सांगायचा म्हणूनच हे लिहायला घेतलं.

पार्श्वभूमी

वय ४४. माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. शाळेत सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. आधी कधी मानसिक आजार नव्हता. स्वभाव काळजीचा, झोप लहानपणापासून सावध. त्यांच्या आईला उतारवयात नैराश्य आलं होतं.

वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि बाईंनी तीन आठवडे रात्री रुग्णालयात खुर्चीवर काढल्या. वडील सावरले, घरी आले. बाईंची झोप मात्र त्या खुर्चीवरच राहिली. घरी स्वतःच्या पलंगावरही दोन-अडीचला डोळे उघडायचे, आणि मग पहाटेपर्यंत तळमळ.

यावर त्यांनी जे उपाय केले ते कुणीही केले असते. रात्री नऊ-सव्वानऊलाच अंथरुणाला पाठ टेकायची, म्हणजे थोडी तरी जास्त झोप मिळेल. सकाळी शक्य तितकं उशिरा उठायचं. शाळेतून आल्यावर तासभर पडायचं. दिवसभर डोळे उघडे राहावेत म्हणून चहा-कॉफी वाढली, शेवटचा कप संध्याकाळी सहाला. वह्या तपासायच्या त्याही पलंगावर बसून, कारण अंग उचलत नव्हतं.

आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये निद्रानाशाची जी मांडणी केली ती इथे तंतोतंत बसते. काही गोष्टी माणसाला आधीच नाजूक करून ठेवतात, काही गोष्टी निद्रानाश सुरू करतात, आणि काही त्याला पोसत राहतात. सावध झोप आणि आईचा आजार ही जमीन, रुग्णालयातल्या रात्री ही ठिणगी. पण ठिणगी विझून महिने लोटले तरी आग चालूच होती. तिला सरपण मिळत होतं ते बाईंच्याच उपायांचं.

चार-पाच महिन्यांनी मन खचायला लागलं. वर्गात जायचा कंटाळा, कशात रस नाही, विनाकारण रडू. शाळेत एकदा फळ्यावर अर्धं गणित सोडवून पुढची पायरीच आठवेना, तेव्हा त्या घाबरल्या. सातव्या महिन्यात यजमान त्यांना आमच्याकडे घेऊन आले.

अडचण

पहिल्या भेटीत मी त्यांच्याकडून पीएचक्यू-९ भरून घेतली. नैराश्य मोजायची ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बाईंचे १७ आले, म्हणजे मध्यम ते तीव्र नैराश्य. त्यातला तिसरा प्रश्न झोपेचा असतो. त्यावर त्यांनी ३ वर खूण केली होती. मी ते ३ बेरजेत धरले आणि पुढे गेले.

डॉक्टरांनी नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम सुरू केलं आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम रात्री, 'काही दिवस'. किती दिवस ते चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. झोप नैराश्यामुळे गेली आहे, मन सुधारलं की झोप आपोआप येईल, असं आम्ही दोघंही धरून चाललो. झोप आधी गेली की मन, हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर यजमानांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं.

आठव्या आठवड्यात पीएचक्यू-९ चे गुण ९ वर आले. सगळ्यांना बरं वाटलं. पण त्या कागदाकडे आज पाहते तेव्हा वेगळंच दिसतं. त्या ९ पैकी झोपेचे ३, थकव्याचे २, एकाग्रतेचे २. उरलेले दोन उदासीचा एक आणि भुकेचा एक. नऊपैकी सात गुण झोपेच्या अवतीभोवतीचे होते. मन सुधारलं होतं, झोप जागची हललेली नव्हती, आणि कागद ते स्पष्ट सांगत होता.

निद्रानाश म्हणजे नैराश्याची शेपूट, ही समजूत जुनी आहे. मानसिक विकारांच्या डीएसएम-५ या वर्गीकरणाने २०१३ मध्ये ती अधिकृतपणे सोडली. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने झोपेची तक्रार असेल आणि दिवसावर त्याचा परिणाम होत असेल, तर सोबत नैराश्य असो वा नसो, निद्रानाश हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदवायचा आणि त्याच्यावर स्वतंत्र उपचार करायचे. आधी निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका साधारण दुप्पट असतो, हे २०११ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं होतं. हे आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि समोरच्या माणसाला ते लावणं यात फरक पडला.

चौदाव्या आठवड्यात बाईंच्या कानावर आलं की क्लोनाझेपामची सवय लागते. त्यांनी त्याच रात्री गोळी बंद केली. आम्हाला विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हे आम्ही सांगितलंच नव्हतं. पाच रात्री जेमतेम डोळा लागला. छातीत धडधड, हाताला घाम, कानाशी बारीक आवाजही नकोसा. क्लोनाझेपामसारखं बेन्झोडायाझेपाइन गटातलं औषध एकदम तोडलं की झोप आधीपेक्षाही जास्त बिघडते. बाईंना वाटलं, आजार हाताबाहेर गेला.

सहाव्या दिवशी त्या आल्या तेव्हा पीएचक्यू-९ चे गुण १८ होते आणि नवव्या प्रश्नावर पहिल्यांदाच १ ची खूण होती. तो प्रश्न मरणाच्या विचारांचा. मी थेट विचारलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, जीव द्यायचा असं नाही मनात येत. पण झोप लागावी आणि जाग येऊ नये, असं वाटतं."

कोणते पर्याय होते

सगळ्यात आधी सुरक्षितता. त्या दिवशी इतर काहीही ठरवण्याआधी आम्ही यजमानांना आत बोलावलं, बाईंच्या समोरच सगळं सांगितलं, गोळ्या त्यांच्या ताब्यात दिल्या, रात्री अडचण आली तर कुणाला फोन करायचा ते लिहून दिलं. आठवड्यातून दोनदा माझा फोन ठरला. क्लोनाझेपाम डॉक्टरांनी पुन्हा ०.५ वर सुरू केलं, या वेळी ते कसं आणि कधी उतरवायचं हे सांगून.

मग डॉक्टर आणि मी बसलो. एस्सिटालोप्राम वाढवायचं का? गोळी बंद करण्याआधी मन सुधारत होतं, त्यामुळे औषध अपुरं पडतंय असं म्हणायला आधार नव्हता. उलट या गटातली औषधं काहींची झोप उडवतात आणि बाई ते रात्री घेत होत्या. ते सकाळी घ्यायचं ठरलं. इतका साधा बदल चौदा आठवडे राहून गेला होता.

नैराश्यावरचंच पण झोप आणणारं मिर्टाझापिन हा चांगला पर्याय होता आणि डॉक्टरांचा कल तिकडेच होता. पण त्याने भूक आणि वजन वाढू शकतं, बाईंना ते नको होतं. झोल्पिडेमसारखी झोपेची दुसरी गोळी बदलून देणं म्हणजे एका काठीऐवजी दुसरी काठी. शिवाय या गटातल्या औषधांवर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये सर्वात कडक इशारा छापायला लावला, कारण काही जणांनी अर्धवट झोपेत चालणं, गाडी चालवणं असे प्रकार केले होते. बेन्झोडायाझेपाइनवरचा इशारा २०२० मध्ये अवलंबित्वाबद्दल आणखी कडक झाला.

उरला तो पर्याय जो पहिल्या दिवशीच पुढ्यात असायला हवा होता. निद्रानाशासाठीची वर्तन आणि विचार यांवरची उपचारपद्धती, जिला सीबीटी-आय म्हणतात. प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशासाठी पहिला उपचार हाच, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितलं, युरोपीय मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

नैराश्यावर तिचा किती परिणाम होतो, याबद्दल मी दावा जपून करते. २००८ मध्ये रेचल मॅनबर यांनी ३० जणांवर केलेल्या छोट्या अभ्यासात एस्सिटालोप्रामला सीबीटी-आयची जोड दिली तेव्हा ६१.५ टक्के लोक नैराश्यातून पूर्ण बाहेर आले, जोड नसलेल्यांत ३३.३ टक्के. आकडे मोहात पाडणारे होते. पुढे १५० जणांवरच्या मोठ्या अभ्यासात एवढा ठळक फरक दिसला नाही. पण ज्यांची झोप लवकर सुधारली त्यांचं नैराश्यही जास्त करून ओसरलं, हे त्यातही दिसलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६० वर्षांपुढच्या २९१ निद्रानाशग्रस्तांना तीन वर्षं पाहिलं गेलं. सीबीटी-आय घेतलेल्यांपैकी १२.२ टक्क्यांना नैराश्य आलं, फक्त झोपेची माहिती मिळालेल्यांपैकी २५.९ टक्क्यांना. बाईंसाठी आमचं गणित इतकंच होतं : झोप सुधारली तर निदान तो भार उतरेल, आणि मनाला आधार मिळण्याची शक्यता बरीच आहे.

सुरू करण्याआधी चार गोष्टी तपासल्या. घोरणं, श्वास अडकणं : यजमान नाही म्हणाले. संध्याकाळी पायांत वळवळ, पाय हलवल्याशिवाय चैन न पडणं : नाही. फिट्स : कधीच नाहीत. आणि द्विध्रुवी विकार, म्हणजे ज्यात कधी उन्माद तर कधी नैराश्य येतं. हा तपास घाईत उरकायचा नसतो, कारण त्या विकारात झोप कमी केली तर उन्मादाचा झटका येऊ शकतो. बाईंनी सांगितलं की कॉलेजात परीक्षेच्या आधी आठवडाभर तीन-तीन तास झोपून अभ्यास केला होता. मी थांबले. तेव्हा थकवा यायचा का, की कमी झोपूनही अंगात वारं भरल्यासारखं वाटायचं? त्या म्हणाल्या, "छे हो, पेपर संपल्यावर दोन दिवस झोपून काढले." खरा फरक इथेच असतो. झोप न मिळणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. यजमानांनाही स्वतंत्रपणे विचारलं, मगच पुढे गेलो.

काय केलं

पहिला आठवडा फक्त नोंद. बाईंनी चौकटीची वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. सात दिवसांची सरासरी त्यांनीच काढली : अंथरुणात ९ तास ४५ मिनिटं, झोप ५ तास १० मिनिटं. झोपेची कार्यक्षमता, म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी किती टक्के वेळ खरी झोप, ५३ टक्के. निद्रानाशाची तीव्रता मोजणाऱ्या आयएसआय या प्रश्नावलीत २८ पैकी २३ गुण, म्हणजे तीव्र.

वहीच्या मागच्या पानावर मला आणखी एक गोष्ट दिसली. वजाबाक्या. ६.३० वजा २.४० बरोबर ३.५०. ६.३० वजा ३.२५ बरोबर ३.०५. उशाजवळ लाल आकड्यांचं घड्याळ होतं आणि जाग आली की बाई हिशोब करायच्या, आत्ता लागली तर किती तास मिळतील. दर वजाबाकीनंतर उत्तर लहान होत जायचं आणि धडधड वाढायची. मी फार काही बोलले नाही. घड्याळ त्याच दिवशी पलंगापासून दूर, खोलीबाहेर गेलं.

मग मुख्य निर्णय आला. आता अंथरुणातली वेळ कमी करायची. जागेपणी मेंदूत एडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची भूक वाढते, कॅफिन ती भूक जाणवूच देत नाही. बाई नऊला आडव्या होत तेव्हा भूक पुरेशी लागलेलीच नसे, दुपारच्या डुलकीने ती आधीच मोडलेली असे. म्हणून अंथरुणातली वेळ झोपेच्या सरासरीइतकी आणून ठेवायची, की झोप सलग होते, मग हळूहळू वाढवायची. पुस्तकी नियमाने त्यांना सव्वापाच तासांच्या आसपासच वेळ मिळाला असता. पण नवव्या प्रश्नावर खूण असलेल्या, आधीच खचलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात इतकं ताणायचं का? डॉक्टर साशंक होते. अर्धा अर्धा तास कमी करत नेण्याचा सौम्य मार्गही होता, पण त्याला आठवडे लागले असते आणि बाईंचा धीर तेवढा टिकेल असं मला वाटेना. शेवटी सहा तासांवर एकमत झालं. रात्री १२ ते सकाळी ६, सुट्टीच्या दिवशीही. पहिले दोन आठवडे गाडी चालवायची नाही, ही अट घातली.

बाकीचे बरेचसे नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेले. पलंग फक्त झोपेसाठी, वह्या टेबलावर. अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, डोळे जड झाले की परत यायचं. दुपारची डुलकी बंद, दुपारी बारानंतर कॅफिन बंद, उठल्यावर अर्धा तास उजेडात. यजमानांनी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर पांघरूण घडी घालून ठेवलं, मंद दिवा लावला. रात्री उठणं सोपं व्हावं म्हणून केलेली ही तयारी कुठल्याही समजावण्यापेक्षा जास्त कामी आली, असं माझं मत आहे.

पाचव्या दिवशी फोन. "मॅडम, मला हे जमणार नाही. अकरा वाजता बसल्या बसल्या डोळे मिटतात आणि हे मला हलवून जागं ठेवतात." मी विचारलं, "आणि बाराला आडवं झाल्यावर?" थोडा वेळ शांतता. "लगेच लागते." इतक्या महिन्यांत बाराच्या आधी झोप येत होती आणि तिला परतवावं लागत होतं, असं पहिल्यांदा घडत होतं. हे त्यांच्याच तोंडून आलं तेव्हा आवाज बदलला. नवव्या प्रश्नाबद्दल मी त्या फोनवरही विचारलं आणि पुढच्या प्रत्येक फोनवर विचारलं. तिसऱ्या आठवड्यापासून उत्तर शून्य राहिलं.

सहा तासांच्या वेळापत्रकाच्या पहिल्या आठवड्यात झोप ४ तास ५० मिनिटं, म्हणजे आधीपेक्षाही कमी, पण कार्यक्षमता ८१ टक्के. दुसऱ्यात ५ तास २० मिनिटं, ८९ टक्के. ८५ च्या वर गेलो म्हणून पंधरा मिनिटं वाढवली.

मनातल्या वाक्यांवरही काम झालं. 'आज झोप नाही झाली तर उद्या वर्गात फजिती' हे बाईंचं ठाम मत. त्यांनी रोजच्या तासांना दहापैकी गुण द्यायचे आणि ते आदल्या रात्रीच्या झोपेशेजारी मांडायचे असं ठरलं. तीन आठवड्यांचा आलेख त्यांनी स्वतः काढला. वाईट रात्रीनंतरचे काही तास खरंच वाईट होते, पण बरेच ठीक होते आणि एक तर सर्वात चांगला होता. "संबंध आहे," त्या म्हणाल्या, "पण मी समजत होते तितका घट्ट नाही."

चौथ्या आठवड्यापासून क्लोनाझेपाम उतरवायला घेतलं. आधी झोप बसवायची की आधी गोळी काढायची, यावर आमची चर्चा झाली होती. एकदा एकदम तोडून पोळलेल्या माणसाच्या हातात आधी दुसरं साधन असावं, म्हणून हा क्रम. दर दोन आठवड्यांनी ०.१२५ मिलिग्रॅम कमी. ०.१२५ वर आल्यावर तीन रात्री बिघडल्या. त्या घाबरतील हे अपेक्षित होतं, या वेळी आधी सांगून ठेवलं होतं. त्या पायरीवर एक आठवडा जास्त थांबलो, मागे गेलो नाही. अकराव्या आठवड्यापासून गोळी बंद.

निष्पत्ती

सीबीटी-आयच्या चौदाव्या आठवड्यात अंथरुणात ७ तास, झोप ६ तास २० मिनिटं, कार्यक्षमता ९० टक्के. आयएसआय ८, पीएचक्यू-९ चे गुण ५, झोपेच्या प्रश्नावर १. बाईंना आठ तासांची झोप आली नाही आणि ती यावी असं आमचं ध्येयही नव्हतं. यात औषधाचा वाटा किती, झोपेचा किती आणि वडील सावरल्याचा किती, हे एका प्रकरणावरून वेगळं काढता येत नाही.

सहा महिन्यांनी निकालाच्या दिवसांत झोप पुन्हा दोन आठवडे बिघडली. त्यांनी स्वतःच वही काढली, अंथरुणातली वेळ साडेसहा तासांवर आणली आणि मला नंतर कळवलं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीतच विचारेन : आधी काय गेलं, झोप की उत्साह? आणि हा प्रश्न घरातल्या माणसालाही विचारेन. झोपेच्या प्रश्नावर २ किंवा ३ असेल तर आयएसआय आणि नोंदवही त्याच दिवशी. यात खर्च नाही, वेळही फार नाही.

झोपेची गोळी देण्याला माझा सरसकट विरोध नाही. पहिल्या दोन आठवड्यांत तिने बाईंना खरंच आधार दिला. चूक होती ती बंद करायची तारीख न लिहिण्यात आणि 'एकदम थांबवू नका' हे वाक्य न बोलण्यात. ती पाच रात्रींची यातना आणि नवव्या प्रश्नावरची ती खूण टाळता आली असती, असं मला वाटतं, आणि ते मला अजून बोचतं.

गुणांची बेरीज पाहून समाधान मानणं हीदेखील चूकच. १७ वरून ९ हा आकडा सुखावणारा होता. आता आमच्याकडे प्रत्येक फेरतपासणीला उरलेले गुण कोणत्या प्रश्नांचे आहेत हे वेगळं लिहितो.

सहा तासांच्या निर्णयाबद्दल मात्र माझं मन पूर्ण स्वच्छ नाही. तो निभावला, कारण यजमान रोज सोबत होते आणि फोन चालू होता. एकटं राहणारं कुणी असतं तर मी सौम्य मार्ग धरला असता, वेळ लागला असता तरी.

एस्सिटालोप्राम अजून चालू आहे. मन स्थिरावल्यावर किमान सहा महिने ते थांबवायचं नाही असं ठरलं होतं, ती मुदत आता पूर्ण होते आहे. शाळेला सुट्टी लागली की डोस उतरवायला घेणार आहोत. त्याआधी दोन आठवडे वही पुन्हा सुरू होईल. बाईंनी रकाने आखून ठेवले आहेत.